समासात लिहिलेलं ‘विषयाबाहेर’

गेल्या महिन्यात एका रविवारी, लोह्याजवळच्या एका गावात, एका मुलीनं मला माझ्याच लेखातल्या एका शब्दाचा अर्थ विचारला. बारा वर्षं कॉलेजात शिकवतेय, पण त्या प्रश्नानं मला माझ्याच जुन्या वह्या पुन्हा उघडायला लावल्या...

आधी थोडं मागचं सांगते. माझी पीएच.डी. नेहमीच्या जाडजूड प्रबंधाची नाही. जर्नलमध्ये छापून आलेले चार लेख आणि त्यांना जोडणारं एक प्रकरण, असा तिचा घाट. नोकरी नांदेडला, घर लातूरला... एसटीच्या जाण्यायेण्यात एकेक लेख तरी लिहून होईल, या हिशेबानं हा मार्ग धरला.

लेख चार, गाव एकच. पहिला पाण्यावर, दुसरा बायकांच्या शेतमजुरीवर, तिसरा त्यांच्या दुखण्याखुपण्यावर आणि चौथा मुलींची शाळा का सुटते यावर. चारही छापून आले, स्टाफरूममध्ये पेढेही वाटून झाले.

घोडं अडलं ते जोडणाऱ्या प्रकरणात. तीनदा लिहिलं, तीनदा माझ्या गाईड सरांनी परत केलं. म्हणाले, चार अनोळखी पाहुणे एका पंगतीत बसवल्यासारखं झालंय हे. मुदतवाढ एकदा घेऊन झाली होती, दुसरी मिळणार नव्हती. आणि सरांच्या सहीशिवाय प्रबंध जागचा हलणार नव्हता.

सरांचा एक जुना नियम आहे. ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांना ती मराठीत वाचून दाखवायची, मगच सबमिशन. म्हणून लेखांचे सारांश घेऊन त्या रविवारी गावात गेले. खरं सांगू? एक काम उरकायला गेले होते.

आधी मथुरामावशींकडे गेले. (नाव अर्थातच बदललंय, लेकीचंही.) चारही लेखांसाठी मी त्यांच्याशी बोलले होते, कारण बाई मोकळ्या बोलतात. त्यांना वाचता येत नाही, म्हणून त्यांची लेक सीमा वाचायला बसली.

पाणी झालं, मजुरी झाली, दुखणं झालं. मावशी भुईमुगाच्या शेंगा फोडत ऐकत होत्या, मधूनच ‘हाव, बराबर हाय’ म्हणत होत्या. चौथ्या सारांशात सीमा एका ओळीवर थांबली. मुली शाळा सोडतात त्यामागे पालकांची उदासीनता दिसते... अशी ती ओळ.

“उदासीनता म्हंजी काय ओ मॅडम?”

आठवीतून शाळा सुटलेली मुलगी मला हे विचारत होती. त्या लेखातल्या उदाहरणांपैकी एक तीच होती. मी कसंबसं म्हटलं, म्हणजे... फारशी पर्वा नसणं.

मावशींचा हात थांबला.

“मला हिची पर्वा न्हाई व्हय?” त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “माजा गुडघा धरला तवा हीच म्हनली, आई तू ऱ्हाऊ दे, हापश्याला मी जाती. तसल्या पायानं मी मजुरीला जायचं का पान्याला? एक दिस गेली, दोन दिस गेली... मंग शाळा राह्यलीच. हे म्या तुमाला सांगितलं की. गुडघ्याचं इचारायला आल्त्या तवा. तुमी लिहून राहिल्या व्हत्या... मला वाटलं, समदं लिहिलं.”

मी माफी मागितली. मावशींनी चहा पुढं केला.

नांदेडला परतल्यावर जुन्या वह्या काढल्या. तिसऱ्या लेखाच्या वहीत ते पान सापडलं. मावशींचं बोलणं अर्धंमुर्धं टिपलेलं, आणि शेजारी समासात माझ्या सुबक अक्षरात एकच शब्द... विषयाबाहेर.

मी लातूरची. आमच्याकडे दहावी-बारावीला मुलांना घोटून घोटून तयार करतात. विचारलंय तेवढंच लिहा, पसारा नको... हे अंगात पार मुरलंय. पाण्याच्या मुलाखतीत कुणी शाळेचं काढलं की विषयाबाहेर. दुखण्याच्या मुलाखतीत पाण्याचं काढलं की विषयाबाहेर. चारही वह्यांत जागोजागी तेच.

फार लाज वाटली. एका आईला लेकीची पर्वा नाही असं मी छापून मोकळी झाले होते, आणि वर पेढे वाटले होते.

मग ते प्रकरण चौथ्यांदा लिहायला घेतलं, फक्त समासातल्या त्या खुणा बघत बघत. पाणी, मजुरी, गुडघा, शाळा... मावशींनी सगळं जोडूनच सांगितलं होतं. तोडलं होतं मी. चौथ्या लेखातला निष्कर्ष चुकला हेही त्यात सरळ लिहिलं, आणि जर्नलला दुरुस्ती कळवली.

सरांच्या हातात देताना मनात एकच होतं. आपल्याच छापील लेखाला आपणच चूक म्हणायचं, तेही सबमिशनच्या तोंडावर? सरांनी दोन दिवस ठेवून घेतलं आणि सही करून परत दिलं. परीक्षकांनी विचारलं तर हेच सांग, एवढंच म्हणाले.

काल नवं पान घेऊन पुन्हा गावात गेले. सीमानं वाचलं. आईचा गुडघा धरल्यावर पाणी मुलीकडे आलं आणि त्यात तिची शाळा सुटली, आईला ते नको होतं... असं त्यात आहे.

मावशी लेकीला म्हणाल्या, “आजून एक बार वाच.”

सीमानं पुन्हा वाचलं. या वेळी जरा मोठ्यानं.

उद्या सबमिशन आहे. ऋणनिर्देशात मावशींचं खरं नाव घालता येत नाही, तसा नियम आहे. इथंही नाव बदललेलंच आहे, पण निदान एवढं लिहितेय... मावशी, तुम्ही सगळं सांगितलं होतं. मी आत्ता कुठं लिहिलं.