आजोबांचं काशाचं पदक

सन २०१९. माझं वय शहात्तर. सर्जापूर रोडला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला येऊन तीन महिने झाले होते. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन. सोसायटीच्या झेंडावंदनाला सैनिकांच्या घरच्यांना पुढच्या खुर्च्या मिळणार होत्या. त्यातली एक मी आधीच सांगून ठेवली होती.

माझे आजोबा पहिल्या महायुद्धात इंग्रजांकडून इराकात बसऱ्याला गेले होते. पदक आमच्याकडे आहे. त्यावरचं इंग्रजी मला येत नाही, शाळा चौथीपर्यंत, तीही कानडी. पण पीण्याच्या कारखान्यांच्या वसाहतीत छत्तीस वर्षं लेथ चालवली. धातू हाताला कळतो. पदक काशाचं आहे हे ठाऊक होतं. सगळ्यांनाच काशाचं दिलं असेल, असं धरून चाललो.

त्या लढाईपायी आमच्या घरात एक नेम होता. पुरुषानं पाण्याचं भांडं उचलायचं नाही. आजोबांनी घातलेला. परत आल्यावर त्यांनी कळशीला हात लावला नाही, वडिलांनीही नाही, मीही नाही. बायकोनं तीस वर्षं दोन जिने पाणी चढवलं. एकदा म्हणाली, "बंदूकवाल्याचा नातू ना तुम्ही? मग कळशी एवढी जड जाते?" मी चार दिवस बोललो नाही. आता ती नाही.

खालच्या मजल्यावर बेळगावकडचे एक निवृत्त कर्नल राहतात. संध्याकाळी पदक त्यांना दाखवायला नेलं. त्यांनी ते उजेडात धरलं, भिंग आणलं, कडेची अक्षरं वाचली.

"अण्णा, हे कुणी घासलं एवढं?"

"मीच. दर दसऱ्याला."

"नाव गेलंय. हुद्दा राहिलाय."

"शिपाई."

त्यांनी भिंग पुन्हा कडेवर धरलं. "भिस्ती लिहिलंय. पखालीतून पलटणीला पाणी पुरवणारा. बंदूकवाल्यांना हेच पदक चांदीचं. पाणक्या, स्वयंपाकी, खेचरवाले, त्यांना काशाचं."

"म्हणजे लढाईतसुद्धा पंगत वेगळी."

"गोळ्या चालू असताना पाणी न्यायचं म्हणजे काय थट्टा आहे? तेही मर्दाचंच काम."

"मग चांदी का नाही दिली?"

कर्नलांनी पदक माझ्या हातात ठेवलं. मी निघालो तेव्हा म्हणाले, "उद्या लावा हो. लांबून कुणाला कळतंय?"

घरी येऊन बसलो. पीण्यात निकलचा मुलामा देणारा एक ओळखीचा आहे. तासाभरात चांदीसारखं पांढरंशुभ्र करून दिलं असतं. फोन काढला, नंबर काढला. लावला नाही. आजोबांनी कळशी का सोडली ते आत्ता कळत होतं. पाणी वाहून वाहून विटले होते, आणि कुणी ओळखू नये असंही असेल. आम्ही त्यालाच शिपाईगिरी समजत बसलो. सून म्हणाली, "अण्णा, जेवता ना?" जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पाण्याचा वीस लिटरचा कॅन दाराशी आला. सून उचलायला आली. "बाजूला सर," मी म्हटलं. "अहो अण्णा, कंबर जाईल!" "जाऊ दे." उचलला, पण पाण्याच्या यंत्रावर उपडा कसा घालायचा ते कधी केलंच नव्हतं. निम्मं पाणी फरशीवर, पँट गुडघ्यापर्यंत ओली. सून हसली, मग फडकं आणायला गेली. मी सदऱ्याला पदक लावलं, ओल्या पँटनंच खाली जाऊन पुढच्या खुर्चीत बसलो, आणि माइक माझ्याकडे आला तेव्हा माझे आजोबा भिस्ती होते म्हणून सांगितलं.