स्टीलमध्येच देतो, असं मी म्हणाले

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवरा गेला, तो हे न कळताच गेला. बहिणीशी रोज फोनवर बोलते, तिच्याजवळ दोन-तीनदा हे ओठांपर्यंत आलंही होतं — पण मी आपलं भाताची रोवणी कुठवर आली ते विचारून घेतलं. आज लिहिते आहे. तुम्ही समोर बसला आहात असं धरून लिहिते. म्हणजे मला मधेच उठून जाता येणार नाही.

मी अंगणवाडी सेविका होते. मोहाडी तालुक्यातलं गाव, त्याचं नाव राहू द्या. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा मी नोकरीत नवीन होते. सांगते आहे ती गोष्ट त्यानंतर सात-आठ वर्षांनी सुरू होते.

आमचं घर विणकरांचं. सासरे मागावर, नवरा मागावर, आणि मागाची खोली स्वयंपाकघराला लागून. दिवसभर खटखट, खटखट. लग्न होऊन आले तेव्हा वर्षभर माझं डोकं दुखायचं. मग सवय झाली असं सगळे म्हणायचे. मला झाली नव्हती. अंगणवाडीत जायची ती थोडं शांत वाटावं म्हणूनही जायची — आणि तिथं काय? चाळीस लेकरं, चाळीस स्टीलच्या ताटल्या. खिचडी यायच्या आधीच चमचे वाजायला लागायचे. कुणी फरशीवर ताटली भोवऱ्यासारखी फिरवायचं, ती खणखणत आडवी पडली की सगळी लेकरं हसायची. हसण्यासारखंच होतं ते. मला मात्र हसू यायचं नाही.

एकदा मोहाडीच्या बाजारातून मी प्लास्टिकच्या वाट्या आणल्या. लाल, हिरव्या, निळ्या. ढिगातल्या. स्टीलच्या ताटल्या धुऊन-पुसून कपाटात ठेवल्या, कुलूप लावलं. पर्यवेक्षिका मॅडम येणार असल्या की ताटल्या बाहेर काढायच्या, मॅडम गेल्या की परत आत. लेकरं रंगांवरून भांडायची, पण खणखण नव्हती. आया घ्यायला यायच्या तोवर वाट्या धुऊन आत गेलेल्या असायच्या, आणि लेकरं घरी रंगाचंच सांगायची, वाटी कशाची ते नाही. माझं डोकं दुखायचं थांबलं.

बस, एवढंच कारण. मी पुष्कळदा मनात याहून मोठं कारण शोधलं. ताटल्या चोरीला जातात, शेवंताबाईंना घासायला त्रास होतो — शेवंताबाई म्हणजे आमच्या मदतनीस — असं काहीबाही. पण शेवंताबाईंनी कधी तक्रार केली नव्हती. उलट एकदा वाट्यांत गरम खिचडी वाढताना त्याच म्हणाल्या होत्या, बाई, वास येते. मला तो वास पहिल्या दिवसापासून येत होता. नवीन आहेत, जाईल, असं मी सांगितलं. तो गेला नाही. दोन वर्षांत वाट्यांचे रंग विटले, आतून चरे पडले, चऱ्यांत हळद बसली ती घासूनही निघेना.

मग भंडाऱ्याला आमचं प्रशिक्षण झालं. एक डॉक्टर बाई आल्या होत्या, तरुण, हळू आवाजात बोलणाऱ्या. त्यांनी प्लास्टिकबद्दल सांगितलं. ते मऊ राहावं, टिकावं म्हणून त्यात जी रसायनं घालतात, त्यातली काही आपल्या शरीरातल्या हार्मोनची नक्कल करतात, म्हणाल्या. शरीराला वाटतं आपल्याच घरचा निरोप आला, आणि ते त्याप्रमाणे वागायला लागतं. गरम, तेलकट, आंबट पदार्थ घातला की ही रसायनं जास्त सुटतात. भांडं जुनं, चरे पडलेलं असलं की आणखी. मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाला धोका अधिक, कारण त्याचं शरीर अजून घडत असतं. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. माझं अक्षर चांगलं होतं. त्यांनी वही बघून कौतुक केलं.

तुम्हाला वाटेल, दुसऱ्याच दिवशी मी वाट्या फेकल्या असतील. मलाही तेच वाटलं होतं, परतीच्या एसटीत. दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं, ताटल्या पाहिल्या, आणि परत लावलं. उद्या, म्हटलं. पुढच्या आठवड्यात विहाराच्या सभागृहात गावातल्या आयांची बैठक होती. तिथं मी उभी राहिले आणि वहीतलं सगळं आयांना सांगितलं. पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत, गरम चहा घेऊ नका, लेकरांना प्लास्टिकमध्ये गरम वाढू नका. चांगलं बोलले मी. बायका गप्प बसून ऐकत होत्या. आणि त्याच सकाळी मी चाळीस वाट्यांत खिचडी वाढून आले होते.

पहिल्या ओळीत सुनंदा बसली होती. आता तिच्याबद्दल सांगायला हवं.

सुनंदाचं घर विहाराच्या मागं, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. ती मोहाडीला तहसील कचेरीसमोर चहाचा ठेला लावायची. नवरा दुसऱ्यांच्या ट्रॅक्टरवर. घर तिच्या ठेल्यावर चालायचं आणि तिला त्याचा अभिमान होता. कचेरीतले बाबू पन्नीत चहा बांधून न्यायचे, संध्याकाळी उरलेलं दूध-चहा ती तशीच पन्नीत बांधून घरी आणायची. तिची मुलगी प्रणाली तीन वर्षांची झाल्यापासून सहा पूर्ण होईपर्यंत माझ्याकडे होती. हिरवी वाटी मिळाली नाही तर जेवायची नाही. मीच तिच्यासाठी हिरवी वेगळी ठेवायची. लाडकी होती.

प्रणाली सात वर्षांची होऊन दुसरीत गेली तेव्हा सुनंदा एका दुपारी माझ्याकडे आली. पोरीच्या छातीत गाठीसारखं लागतं, दुखतं म्हणते, असं सांगायला लागली. मी पाहिलं. गाठ नव्हती. पोरगी मोठी होत होती — दुसरीतली पोरगी, जिचा पुढचा एक दात अजून यायचा होता. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं. सुनंदाचा नवरा म्हणाला, मले त्यातलं काही समजत नाही, बाईले घेऊन जाय. म्हणून मी सोबत गेले.

नागपूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, हाताचा एक्स-रे काढला. पोर सात वर्षांची आणि हाडं दहा वर्षांची झाली आहेत, म्हणाले. पाळी लवकर येईल, आज उंच दिसते पण उंची लवकर थांबेल. दर महिन्याला एक इंजेक्शन द्यायचं, म्हणजे हे काही वर्षं थोपवता येईल. सुनंदा खाली बघत ऐकत होती. मग तिनं विचारलं —

"डॉक्टरसाहेब, पन्नीतल्या चहानं होते का असं?"

माझ्या भाषणातलं तिला आठवत होतं. डॉक्टरांनी हातातला एक्स-रे खाली ठेवला. मग म्हणाले, नक्की कारण सांगता येत नाही. पुष्कळ मुलींमध्ये कारण सापडतच नाही. पण प्लास्टिकचा संबंध असू शकतो असं संशोधन म्हणतं, तेव्हा गरम खाणं-पिणं त्यातून बंद करा. घरी कशात जेवते, दूध कशात पिते, सगळं त्यांनी विचारलं. सुनंदा सांगत गेली, काही लपवलं नाही. पाण्याची बाटली, डबा, पन्नी, सगळं. शेवटी, नर्सनं प्रणालीला वजन करायला बाहेर नेलं तेव्हा, ते माझ्याकडे वळले. अंगणवाडीत तीन वर्षं होती ना? तिथं गरम आहार कशात देता?

सुनंदानंही माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत काय होतं, ते मला आज नीट सांगता येतं. माझ्या उत्तरानं तिच्यावरचा भार थोडा कमी होणार की सगळा तिच्याच माथी राहणार, हे तिला जाणून घ्यायचं होतं.

"स्टीलमध्येच देतो," मी म्हणाले. "आमच्याकडे सगळं स्टीलचंच आहे."

डॉक्टरांनी लिहून घेतलं.

हे पूर्ण खोटं नाही, असं मी त्याच क्षणी मनात म्हटलं. ताटल्या होत्या ना कपाटात? दुसऱ्या दिवशी शेवंताबाई यायच्या आधी मी वाट्या पोत्यात भरून भंगारवाल्याला दिल्या आणि ताटल्या बाहेर काढल्या. पुढं आणखी सोपं वाक्य सापडलं — वाट्यांनीच झालं हे कुठं सिद्ध आहे? डॉक्टरही तसंच म्हणाले. या वाक्याआड मी कितीतरी वर्षं काढली. ते वाक्य खरंच आहे. वाट्यांनी झालं की पन्नीनं, की कशानंच नाही, हे मला आजही माहीत नाही. पण माझा गुन्हा वाट्यांनी काय केलं यात कधी नव्हताच. सुनंदानं सगळं उघडं करून सांगितलं होतं, आणि मी माझं झाकलं, एवढं तर मला माहीत होतं ना?

त्यानंतर काय झालं ते सांगते.

सुनंदाच्या घरात गोष्ट पसरली, मग गल्लीत. सासू म्हणाली, हिच्या चहानं पोरगी नासली. नवऱ्यानं ठेल्याचं सामान विकून टाकलं. तिला विचारलंही नाही. सुनंदा दुसऱ्यांच्या भाताच्या बांधीत रोवणीला जाऊ लागली. इंजेक्शनं चार महिने झाली. मग सासूनं हात वर केले — पोरगी मोठी होऊन राहिली तर होऊ द्या, सुई टोचून कोणी थांबवते का — आणि नवराही तसंच म्हणाला. नववं वर्ष चालू असताना प्रणालीला शाळेत पाळी आली. ती समजली, आपल्याला कुठं तरी लागलं. वर्गातल्या पोरींनी तिच्या बाकावर बसणं सोडलं. लेझीमच्या पथकातून तिनं स्वतःच नाव काढून घेतलं. पुढं इतर पोरी वाढत गेल्या आणि ही जिथं होती तिथंच राहिली.

त्या दिवसांत सुनंदा एकदा माझ्याकडे आली होती. मला वाटलं, कळलं हिला. ती दारातच उभी राहिली.

"बाई, तुमी सांगतलं होतं. मीच आयकलं नाही. माह्याच हातानं झालं."

सांगून टाकायचं असतं तर तीच वेळ होती. दारात दुसरं कुणी नव्हतं. मी काय केलं? मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "जाऊ दे सुनंदा, आता मनाले लावून नको घेऊ." म्हणजे तिची चूक मी मान्य केली. वर मोठ्या मनानं तिला माफही केलं.

वाटतं ना, याहून खाली माणूस काय जाणार? मी गेले. पुढच्या वर्षी आमच्या पर्यवेक्षिका मॅडमना बैठकीत बोलायला एखादी आई हवी होती, स्वतःच्या अनुभवातून सांगणारी. नाव मीच सुचवलं. सुनंदा आधी नाही म्हणाली. मी तिला समजावलं की तुझ्या सांगण्यानं दुसऱ्यांची लेकरं वाचतील. ती आली. त्याच सभागृहात, तीसेक बायकांसमोर उभी राहून तिनं सांगितलं की मी आई असून माझ्या लेकीला पन्नीतला गरम चहा पाजला. डोक्यावरचा पदर सारखा खाली येत होता आणि ती तो सारखा वर घेत होती. मी बाजूला खुर्चीवर बसले होते. शेवंताबाई मागं भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांना वाट्या माहीत होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग बाहेर निघून गेल्या. त्या कधीच काही बोलल्या नाहीत. त्या आता हयात नाहीत.

मी निवृत्त झाले तेव्हा गावानं सत्कार केला. सगळ्यात आधी सुनंदा पाया पडली.

प्रणाली आता मोठी झाली आहे. शिकली, भंडाऱ्याच्या एका दुकानात बिलं करते. आंधळगावकडच्या चांगल्या मुलाशी लग्न झालं. उंचीवरून दोन ठिकाणी नकार आला होता, तेही सुनंदानं आपल्याच खात्यावर लिहून घेतलं. गेल्या वर्षी प्रणालीला मुलगी झाली. कामावर परत जायचं म्हणून ती लेकीला माहेरी ठेवायला आली, आणि आईकडे जायच्या आधी माझ्या घरी आली. चहाला नको म्हणाली. बाळाला मांडीवर घेऊन त्याचं टोपडं नीट करत बसली.

मग म्हणाली, "बाई, आईजवळ ठेवायले मन होत नाही. तिनं माह्यासंग जे केलं ते तुमाले माहीतच आहे. तुमी जवळ राह्यता. जरा लक्ष ठेवाल का तिच्यावर?"

ती हे रागानं म्हणाली नाही. हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाली. सोळा-सतरा वर्षं ती आईकडे असंच बघत आली होती आणि मला ते त्या दिवशी पहिल्यांदा समजलं.

ठेवीन, मी म्हणाले.

तेव्हापासून रोज सकाळी मी सुनंदाकडे जाते. तिला माहीत आहे मी कशाला येते, लेकीनंच सांगितलंय. तिला त्याचं वाईटही वाटत नाही, हे मला सहन होत नाही. ती माझ्यासाठी चटई टाकते. मग एकेक वस्तू समोर धरते — बाळाचा खुळखुळा, दूध गरम करायचं पातेलं, कुणी तरी भेट दिलेला आंघोळीचा टब — आणि विचारते, "बाई, हे चालंल का?"

मी हातात घेऊन बघते. चालेल म्हणते, किंवा नको म्हणते. ज्याला नको म्हणते ते ती त्याच पावली बाहेर नेऊन ठेवते, का म्हणून विचारत नाही.