गढूळ केलेली टाकी

मी बिअर पीत नाही आणि बिअर बनवते. का पीत नाही, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, इथेही सांगणार नाही. पुण्यात खराडीच्या आयटीवाल्यांसाठी आमची छोटी ब्रुअरी निघाली, तेव्हा मुलाखतीत मालकांनी पहिला प्रश्न हाच विचारला. मी म्हटलं, "मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आहे. माझ्या पिण्याशी यीस्टला काही देणंघेणं नसतं." नोकरी मिळाली, पण तो प्रश्न काही गेला नाही.

माझं काम यीस्टवर नजर ठेवायचं. साखर खात असतं तोवर ते टाकीभर तरंगतं, सगळं गढूळ. पोट भरलं की पेशी एकमेकींना चिकटतात, फाटलेल्या दुधासारखे पुंजके होतात आणि तळाशी बसतात. मग खालची तोटी उघडून ते काढायचं. लवकर काढलं तर बिअर कच्ची राहते, उशीर झाला तर मेलेल्या यीस्टची चव उतरते.

एकदा शनिवारी मोठी पार्टी ठरलेली आणि गुरुवारी सकाळीच काचेच्या नळीतला नमुना लख्ख दिसला. मालक खूश. "झाली की! काढा यीस्ट, टाकी गार करा."

इतक्या लवकर लख्ख झालेली बिअर मला पटेना. थोडी बरणीत घेऊन कँटीनच्या गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवली, मग गार करून हुंगली. लोण्याचा वास! बिअर कच्ची असली की गरम केल्यावर तो उठतो. मापकाने मोजली तर साखरही उरलेली. यीस्ट काम अर्धवट टाकून खाली बसलं होतं. मी तोटी उघडली नाहीच, उलट टाकी थोडी गरम केली, खालून कार्बन डायऑक्साइड सोडला आणि तळाचं सगळं यीस्ट वर उठवलं. लख्ख बिअरचा पुन्हा चिखल झाला.

मालक लालबुंद. "अहो, स्वतः पीत नाही आणि पिणाऱ्यांना शिकवता?"

"पीत नाही, म्हणूनच मला घाई नाही."

"ही टाकी वाया गेली तर इथे परत येऊ नका."

"वाया गेली तर मीच येणार नाही. पण आज तोटीला कुणाला हात लावू देणार नाही."

बोलले खरी, पण भीती वाटत होती. न पिणाऱ्या बाईला दुसऱ्या कुठल्या ब्रुअरीने दारात उभं केलं असतं? पार्टीला बाहेरून बिअर आणावी लागली. मालक माझ्याशी बोलणं सोडाच, माझ्याकडे बघतही नव्हते.

पुढच्या आठवड्यात नळीत पुंजके दिसले, जड, भराभर खाली जाणारे. पुन्हा गरम करून हुंगली. लोणी नव्हतं. तोटी मी स्वतः उघडली.

बिअर तयार झाल्यावर मालकांनी सगळ्यांदेखत ग्लास माझ्यापुढे धरला. "आता तरी एक घोट घ्या."

"आपण घ्या. चुकलं असेल तर सांगा."

त्यांनी ग्लास संपवला आणि ते दुसरा भरायला गेले. नंतर म्हणाले, हवा चांगली होती म्हणून जमलं. असेल.

हल्ली टाकी लख्ख दिसली की ते माझ्या टेबलापाशी येतात. "उघडू का?"

पिण्याचा विषय आता निघत नाही. मी नळी उजेडात धरते, सावकाश बघते आणि बहुतेक वेळा 'नाही' म्हणते.