माशांचं पाणी

शेजारच्या शेवंतामावशी जिना चढून आल्या, दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सुनंदा, वसंता खाली बसलो हा गो." पडला असं त्या म्हणाल्या नाहीत. बसलो म्हणाल्या. म्हणून मी निवडत होते ती मेथी झाकून ठेवली, गॅस बंद केला, पदर सारखा केला आणि मग खाली गेले. पहिल्या मजल्याच्या वळणावर हे पायरीवर बसले होते, डोकं भिंतीला टेकलेलं. मांडीवर छोटी प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात पंपाला लावायची नवी नळी, गुंडाळी केलेली. चपला पायातच होत्या. मी "अहो" म्हटलं. पुन्हा म्हटलं. मग मावशीच ओरडल्या, आणि चाळीतली सगळी दारं उघडली.

ती नळी आणायला हे गेले होते त्याचं कारण मला माहीत होतं, दुसऱ्या कुणाला नव्हतं. सकाळी चहाच्या आधीच यांनी मला हाक मारली होती. "इकडे ये गो. आवाज करू नको. बांगड्या धर." मी बांगड्या दाबून धरत टाकीजवळ गेले. एंजल माशांच्या जोडीने टाकीत उभ्या केलेल्या पाटीवर अंडी घातली होती, ती मीही दोन दिवसांपूर्वी पाहिली होती. पण त्या सकाळी यांनी भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "बघ, शेपटी हलते." खरंच, खसखशीएवढ्या त्या दाण्यांना केसासारखी शेपटी होती आणि ती थरथरत होती. "या वेळी खाल्ली नाहीत गो. या वेळी पिल्लं निघणार." यांच्या तोंडाकडे मी किती तरी वर्षांनी अशी पाहत राहिले असेन. मग पाटी उचलून लहान टाकीत न्यायची, तिथे हवा हळू सोडायची, त्यासाठी बारीक नळी हवी, असं म्हणत हे चहा अर्धा टाकून निघाले.

आमची खोली घोडपदेवला, दुसऱ्या मजल्यावर. लग्न होऊन आले तेव्हा ती एक उघडी खोली होती आणि कोपऱ्यात मोरी. आज तिच्यात जे जे आहे ते यांच्या हातचं. पोटमाळा यांनी घातला, मोरीला लाद्या यांनी बसवल्या, भिंतीला लावून ठेवायचं जेवणाचं टेबल केलं, ते इतकं नेमकं की खाली पाडलं की दाराला फक्त एक बोट जागा उरते. नोकरी एका कंपनीत मेंटेनन्सची. दिवसभर तिथे दुरुस्त्या करायच्या आणि घरी येऊन परत दुरुस्त्याच. रविवारी माणसं झोपतात, आमच्याकडे ड्रिल मशीन सुरू व्हायचं. मावशी पलीकडून भिंतीवर लाटणं आपटायच्या. "वसंता, मेल्या, माझो देव पडलो फळीवरसून!" हे ओरडायचे, "मावशी, फळी कुणी ठोकलेली?" "तूच ठोकलंस, म्हणान तर पडलो!" आणि मग दोघंही हसायची. मावशी यांच्याच गावच्या. यांची आई लवकर गेली, तेव्हापासून यांना जेवायला घातलं ते मावशींनी. त्या यांना पोटचा म्हणायच्या नाहीत, पण मासळी घेतली की पहिला तुकडा यांचा असायचा. मी फारशी कुणाशी बोलत नाही, चाळीत तर नाहीच. माझ्या वाटचं बोलणं ही दोघं करायची आणि मी ऐकायची.

मासे घरात आले ते मुलीमुळे. मनीषा शाळेत असताना तिने कुठून तरी काचेच्या बरणीत दोन गप्पी आणल्या. तिचं वेड दोन आठवड्यांत उतरलं, यांचं उतरलं नाही. लालबागला काचवाल्याकडून काचा कापून आणायच्या, कडा पॉलिश पेपरने घासायच्या, सिलिकॉनने चिकटवायच्या. टाकी सुकेपर्यंत ती खाटेवर राहायची आणि आम्ही खाली सतरंजीवर. सिलिकॉनला आंबट वास येतो, व्हिनेगरसारखा. तो वास आला की मला कळायचं, आज आपली खाट गेली. गप्पीला पिल्लं व्हायला काही लागत नाही, भराभर होतात. ती हे चाळीतल्या पोरांना वाटून टाकायचे. पण यांचं मन होतं एंजलवर. काळ्या पट्ट्यांचे, चपटे, शेपटीला लांब दोरे असलेले. ते अंडी घालतात आणि आई-बाप दोघं मिळून राखतात, पंख हलवून वारा घालतात. निदान पुस्तकात तसं होतं. आमच्याकडे घालायचे आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच खाऊन टाकायचे.

अंडी घालायला त्यांना उभी, गुळगुळीत जागा लागते. यांनी दुकानातून शाळेची पाटी आणली, तिची लाकडी चौकट काढली आणि ती टाकीत तिरकी उभी केली. मी म्हटलं, "मनीषाच्या चौथीनंतर या घरात पाटी आली नव्हती. आता माशांना शाळेत घाला." हे म्हणाले, "घातलं असतं गो, पण गृहपाठ खाऊन टाकतात." अशी किती वर्षं गेली. रिटायर झाल्यावर तर हे दिवसभर त्या टाकीसमोर. मासे दचकतात म्हणून टाकीला जुनी चादर लावली. कुकरच्या शिटीने दचकतात म्हणून मला कुकर बंद. मी भात पातेल्यात शिजवायला लागले, आणि डाळ शिजता शिजत नाही म्हणून तक्रार करणारे परत हेच.

आणि पाणी. आपल्याला ताजं पाणी लागतं, माशांना शिळं. नळाच्या पाण्यात औषध असतं, ते माशांच्या कल्ल्यांना जाळतं. एक दिवस उघड्यावर ठेवलं की ते उडून जातं. म्हणून गॅलरीच्या आमच्या टोकाला एक निळा ड्रम होता. पहाटे पाणी आलं की आधी घरचे हंडे भरायचे, मग ड्रम, आणि आजचं पाणी उद्या टाकीत. तेही थोडं काढायचं, थोडं घालायचं, सगळं एकदम कधीच नाही. डासांसाठी पालिकेची माणसं तपासायला यायची, म्हणून यांनी ड्रमला जाळीचं झाकण केलं होतं. चाळीला मात्र तो साधा पाण्याचा ड्रम. मावशी म्हणायच्या, "माणसां दोन आणि पाणी लग्नघराएवढा." हे हसायचे, समजावत बसायचे नाहीत. पाण्याचं काम हे स्वतःच करायचे, दुसऱ्याला हात लावू देत नसत.

आमच्याकडे घरात कुणी गेलं की भरलेलं पाणी ठेवत नाहीत. मयत उचलली की हंडे, कळश्या, माठ सगळं ओतायचं, भांडी घासायची आणि नवीन पाणी भरायचं. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट आहे. मलाही माहीत होती. पुरुष यांना घेऊन गेले, बायकांनी मला पलीकडच्या खोलीत नेलं, आंघोळ घातली आणि तिथेच बसवून ठेवलं. भिंतीपलीकडे पाणी ओतल्याचा आवाज येत होता. खूप वेळ येत होता. मी तो ऐकत होते आणि मला तो कशाचा आहे हे कळत नव्हतं. कळलं असतं तरी…

मला परत आणलं तेव्हा खोली पुसून लखलखीत होती. हंडे ओळीने भरलेले. गॅलरीतला ड्रम घासलेला, काठोकाठ भरलेला. आणि टाक्या… एवढ्या स्वच्छ टाक्या आमच्या घरात कधीच नव्हत्या. काचेवरचं हिरवं निघालेलं, चादर काढून धुतलेली, पाणी आरपार. मासे आत होते. मावशी साडी खोचून उभ्या होत्या, कोपरापर्यंत ओल्या. सत्तरी कधीच ओलांडलेल्या त्या बाईने स्वतःच्या हाताने मासे बादलीत काढले होते, टाक्या उपसून साबणाने घासल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "वसंताचे मासे हत, म्हणान मी दुसऱ्या कोणाक हात लावूक दिलंय नाय. ती पाटी पण घासलंय. कायतरी चिकाट बसला होता."

पाटी काळीभोर होती. कोरी.

तेवढ्यात पुरुष परत आले, मनीषा माझ्या गळ्यात पडली. ज्या घरातून माणूस आत्ताच उचलून नेलंय, तिथे बायकोने माशांचं नाव कसं काढायचं? आणि काढून तरी काय करायचं, शिळं पाणी घरात उरलंच नव्हतं. मी बसल्या जागेवरून टाकीकडे पाहत होते. आधी ती जोडी वर येऊन तोंड उघडझाप करायला लागली. मग वेडीवाकडी धावली, काचेवर आपटली. दिवेलागणीला मादी आडवी झाली. नर बराच वेळ पाटीसमोर पंख हलवत राहिला. तिथे काही नव्हतं तरी वारा घालत राहिला… मग तोही. बाकीच्या टाक्यांतलेही एकेक करून गेले.

माझ्याखेरीज पहिल्यांदा पाहिलं ते मावशींनीच. त्या टाकीसमोर मटकन बसल्या आणि मोठ्याने रडायला लागल्या. "बघा गो बघा, धनी गेलो तसे मासे पण गेले. मुकी जनावरां, पण माया किती!" सगळ्या बायका जमल्या. कुणीतरी हात जोडले. भेटायला आलेल्या पाहुण्यांना ती टाकी दाखवली गेली. दहाव्यापर्यंत गोष्ट करी रोडपर्यंत पोचली होती, तिथल्या यांच्या एका मित्राने येऊन मला विचारलं, "वहिनी, खरंच का एका दिवसात सगळे?" मी मान हलवली. मनीषा तर म्हणाली, "आई, ऑफिसमध्ये सांगितलं तर सगळ्या रडल्या. बाबांचं प्रेमच तसं होतं." तिचे डोळे भरलेले होते. तिलाही मी सांगितलं नाही. तिला सांगितलं की मावशींपर्यंत जायला कितीसा वेळ.

हे असते तर चिडले असते. दुःखाने मासा मरतो यावर यांचा विश्वास नव्हता. मागे एकदा गप्पी मेल्या तेव्हा मावशी नजर काढायला मीठ-मोहरी घेऊन आल्या होत्या. तेव्हा हे म्हणाले होते, "मावशी, मासा मेला की आधी पाणी बघायचं. बाकी सगळं नंतर." आता सगळी चाळ बाकीचंच बघते, पाणी कुणी बघत नाही. आयुष्यभर जपून केलेल्या कामाचा चमत्कार होऊन बसलाय. आणि ही गोष्ट सांगावी असं माणूस एकच होतं, ते हेच.

म्हणून वहीत लिहिते आहे. मनीषा अँटॉप हिलला चल म्हणते, तिचं क्वार्टर मोठं आहे. मी बघते म्हणते. खोलीत पंपाची घरघर नाही. आमचा संसार त्या घरघरीत झाला, रात्री तिच्याशिवाय झोप लागायची नाही. आता शिटी वाजली तरी कुणी दचकत नाही, तरी मी कुकर लावत नाही. एकटीला डाळ लागते किती…

परवा दुपारी मावशी आल्या. दार ढकलून आत शिरल्या. हातात फुगवलेली प्लास्टिकची पिशवी, आत एंजलची दोन लहान पिल्लं. करी रोडच्या दुकानातून स्वतः जाऊन आणली होती, गुडघे दुखत असताना. "काळ्या पट्ट्यांचेच मागितलंय. घराक जीव होयो गो. तू बोलाक नाय, चालाक नाय." त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली, मोरीतली बादली ओढली. "टाकीत पाणी घाल. माझ्या डोळ्यांदेखत सोड, मगे जातंय." मग बादली धरूनच थांबल्या. "दुकानवालो पाण्याचा कायतरी सांगी होतो. नवीन घालू नको की काय ता. माका समाजला नाय. तुका म्हायती आसतला. काय करूचा असता गो पाण्याचा?"

त्या माझ्याकडे बघत होत्या. एवढ्या वर्षांत मावशींनी मला काही विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली असं क्वचितच झालं असेल. एक वाक्य होतं, आजचं पाणी उद्या टाकीत. ते यांनी मला शंभरदा सांगितलेलं, मला पाठ होतं. मी ते बोलून दाखवलं असतं तर मासे जगले असते आणि मावशींना त्या दिवसाचा सगळा हिशोब आपोआप लागला असता. बादली, साबण, पाटी. न बोलता मासे सोडले असते तर संध्याकाळपर्यंत मावशींनी आणखी दोन मारले असते, आणि चाळीने पुन्हा हात जोडले असते.

मी म्हटलं, "टाकी गळते, मावशी. पाणी राहत नाही त्यात. मासे परत देऊन या."

"वसंतान केलेली टाकी? गळता?"

"हो. जुनी झाली."

मावशींनी बादली सोडली. काचेवर हात ठेवून म्हणाल्या, "म्हणजे तेका पण शेवटाक कामा जमाक नाय तशी. थकलो होतो माझो वसंता." आणि डोळे पुसत पिशवी घेऊन जिना उतरल्या.

यांच्या हातची एकही टाकी कधी गळली नाही. एक थेंब नाही. ती तशीच खिडकीखाली कोरडी उभी आहे. सिलिकॉन बोटाने सारखं करताना कोपऱ्यात यांचा अंगठा उमटलेला आहे, रेषांसकट. काल पाणी भरताना खालच्या मजल्यावरची एक बाई दुसरीला सांगत होती की वसंतभाऊंच्या टाक्या आता गळायला लागल्या. मी हंडा उचलला आणि वर आले.