टाकी सुकी केली तो दिवस

शेजाऱ्यानं काल दारात गाडीच्या टाकीत पेट्रोल ओतलं, वास घरभर झाला आणि मला ती दुपार आठवली. कर्नाटकातल्या एका गिरणीत काम मिळालं होतं, म्हणून बायकोला आणि मोटारसायकलीला घेऊन मी कोल्हापूर सोडत होतो. गाडी रेल्वेनं जायची होती. "पावणं, टाकी सुकी करा. थेंब जरी राहिला तर गाडी हितंच आन तुमी तिकडं," असं म्हणून स्टेशनावरच्या हमालानं नळी लावून पेट्रोल काढलं, एका टॅक्सीवाल्याला देऊन टाकलं आणि गाडी गोणपाटात शिवली. टॅक्सी गेली आणि बायकोच्या माहेराहून, आजऱ्याहून, तिचा भाऊ धापा टाकत आला. "आक्का, आईचं काय खरं न्हाय. सारखी तुझंच नाव घेतीया." मी गोणपाट टराटरा फाडलं. गाडी ढकलत शाहूपुरीतल्या पंपावर नेली, बायको रडत मागनं जोर लावत होती. पंपावर पेट्रोल संपल्याची पाटी. शेवटी एसटीनं गेलो, तर चिता विझत आलती. मला ती एका शब्दानं बोलली नाही. पण परमुलखात रोज झोपताना विचारायची, "अवं, टाकीत पेट्रोल हाय न्हवं?" ती गाडी विकून कैक वर्षं झाली. गेल्या साली दवाखान्यात बायको माणसंसुद्धा ओळखेना, तरी शेवटी तिनं मला तेच विचारलं. मी म्हणालो, "हाय की. टाकी भरलीया. बस मागं."