पिशवीची तारीख

अंगात स्वेटर होता, बाहेर हुडहुडी भरवणारी थंडी होती आणि मला गरम व्हायला लागलं. छातीतून जाळ निघाला, मानेवरून कानापर्यंत चढला आणि घामानं पाठ भिजली. दोन-चार मिनिटांत सगळं शांत. पुन्हा तासाभरानं तेच.

बारामती-इंदापूर रस्त्यावर द्राक्षांचं एक पॅकहाऊस आहे, तिथं मी सुपरवायझर आहे. हॉलमध्ये बायका टेबलाशी उभ्या राहून कात्रीनं खराब मणी काढतात आणि घड डब्यांत भरतात. मी त्यांच्या मागून फिरत असते. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, अंगावर ॲप्रन. तळपायाची आग मस्तकात जाणं मला नवं नाही, माझा स्वभावच तसा. पण आजवर आधी राग यायचा आणि मग आग. आता आग आधी यायची आणि राग कुणावर काढायचा ते शोधावं लागायचं. नवरा सापडायचा. तो डेअरीतून दमून यायचा आणि चहात साखर कमी पडली म्हणाला, की मी घर डोक्यावर घ्यायचे. मग मोरीत जाऊन रडायचे. झोप तर उडालीच होती. पाळी कधी दोन महिने गायब, कधी पंधरा दिवसांत हजर.

यावर मी एक उपाय शोधला होता. माल ठेवायची कोल्डरूम. क्रेट मोजायच्या निमित्तानं आत जायचं, जाकीट घालायचं नाही आणि थंडगार भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. द्राक्षांच्या त्या वासात, त्या गारठ्यात मला माझीच मी परत सापडायची. मी दिवसातून इतक्या वेळा क्रेट मोजत होते, की तेवढी द्राक्षं अख्ख्या तालुक्यात पिकली नसतील.

आम्ही काटेवाडीत राहतो. सासर शेळगावचं, तिथं थोरले दीर द्राक्षबाग बघतात. संक्रांतीला गेले तेव्हा वाण देता देता मला जाळ लागला आणि मी पदरानं वारा घेत ओसरीवर बसले. सासूबाई म्हणाल्या, "उष्णता हाय. सब्जा पी. आमी काय ह्या वयातनं गेलो न्हाय व्हय? पन असा बोभाटा न्हाय केला." थोरली जाऊ, जिला मी आक्का म्हणते, तिनं मला आत ओढून नेलं. "माजं आईक. पिशवी काडून टाक. मी न्हाय का काडली? सगळी कटकट मिटती."

आमच्याकडं गर्भाशयाला पिशवी म्हणतात, आणि काढून टाकायची वस्तू असावी तसंच म्हणतात.

पुढच्याच आठवड्यात दिरांच्या ओळखीनं मला इंदापूरला एका डॉक्टरांकडं नेलं. सोनोग्राफी झाली. डॉक्टर माझ्याशी नाही, नवऱ्याशी बोलले. मुलं झालीत, वय झालंय, आता पिशवीचा उपयोग काय? काढून टाकू. मी विचारलं, "काढल्यावर हे गरम व्हायचं थांबेल का?" ते म्हणाले, "ताई, सगळं ठीक होईल." तोवर पुढचा पेशंट दारात आला होता.

मग घरात तारखेची चर्चा सुरू झाली. द्राक्षाच्या घरात सगळं छाटणीवर ठरतं. लग्न, बोअर, घराचा स्लॅब, सगळं. माल उतरला की एप्रिलची छाटणी, तिच्या आधी जे चार मोकळे दिवस मिळतात, त्यांत माझी पिशवी बसवली. पॅकहाऊसही तेव्हा बंद असतं, म्हणजे रजेचा प्रश्न नाही. स्वयंपाकाला माझी आई भिगवणवरून येणार होती. सगळं इतकं नीट जमलं होतं, की मलाही वाटलं, असेल बाई गरजेचं. पण मला भीती वाटत होती आणि ती भीती सांगायची कुणाला, ते कळत नव्हतं.

ऐन सीझनमध्ये एका सकाळी मालक हॉलमध्ये आला. तिशीतला मुलगा, आम्ही त्याला दादा म्हणतो. चिडला होता. "कोल्डचं टेंपरेचर सारखं वर जातंय. दार कोण उघडतंय? माल चोरीला जातोय का? उद्यापासून कुलूप लावणार आणि किल्ली वॉचमनकडं देणार."

चोरी म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. पंधरा वर्षं त्या हॉलमध्ये घालवली होती मी. "चोरी न्हाय होत, दादा. दार मी उघडते. पाळी जायचं वय आहे माझं. अंगाची भट्टी होते, म्हणून आत जाऊन उभी राहते."

कात्र्या थांबल्या. खिडकीजवळच्या टेबलावरून एकीचा आवाज आला, "मी बी जाते." मग दुसरी. "मी पन जाते, रिकामा क्रेट घिऊन." मग अजून दोघी-तिघी. मी बघतच राहिले. इतके महिने मला वाटत होतं, हे माझ्या एकटीचं आहे. इथं तर रांग लागली होती! हॉलमध्ये असं हसू फुटलं की दादाचे कान लाल झाले, आता गरम नक्की कुणाला होतंय ते कळेना. "बरं, बरं," म्हणत तो निघून गेला.

कुलूप आलं नाही. दोन दिवसांत मोठे पंखे आले आणि कॉरिडॉरमध्ये एक बाकडं ठेवलं. गरम झालं की तिथं दहा मिनिटं बसायचं, कुणी विचारणार नाही. दादा माझ्याकडं न बघता म्हणाला, "तपासणीला बारामतीच्या डॉक्टर मॅडम यायच्यात. त्यांना हे पण विचारा."

दर सीझनला माल हाताळणाऱ्या बायकांची तपासणी होते. खोकला आहे का, खरूज आहे का, नखं दाखवा, पुढं चला. या वेळी डॉक्टरबाईंनी आम्हाला बसवलं आणि शेवटची पाळी कधी आली ते विचारलं. मी माझे सोनोग्राफीचे कागद पुढं केले आणि पिशवी काढायचं ठरलंय म्हणून सांगितलं. त्यांनी ते दोनदा वाचले. म्हणाल्या, "यात पिशवी काढण्यासारखं मला काही दिसत नाही. हा जाळ पिशवीतून येत नाही. पाळी थांबायच्या काळात अंडाशयाचं काम मंदावतं, त्यानं होतं हे. आजार नाही, पण त्रास खरा आहे आणि त्याला उपचार आहेत. दवाखान्यात या. थायरॉईड, साखर, बीपी बघू, मग ठरवू."

म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी चालला होता, तोही माझ्या पोटातून.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "पण शेळगावच्या आमच्या दादानं डॉक्टरांना शब्द दिलाय."

"शब्द त्यांचा, पिशवी माझी," मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यानंच भावाला फोन करून ऑपरेशन नको म्हणून सांगितलं, हे मला नंतर कळलं.

आक्काला सांगायला शेळगावला मी स्वतः गेले. भर दुपार होती. आक्का आतल्या खोलीत फरशीवर ओलं लुगडं पसरून त्यावर पडली होती. घामानं चिंब, तोंड लालबुंद. मला बघून धडपडत उठली.

"हे कधीपासनं, आक्का?"

"काडल्यापासनं. छत्तिसाव्या वर्षी काडली न्हवं का." जणू पाऊसपाण्याचं सांगत होती. "उष्णता हाय माजी."

"अगं, मग मला कशाला काढायला सांगितलंस?"

"समद्याच काडत्यात. मला वाटलं, तुजी तरी जाईल."

मला तिचा राग आला आणि त्याच क्षणी तिला कवटाळावंसं वाटलं. दोन्हीतलं काहीच केलं नाही. तिला साडी बदलायला लावली आणि माझ्या स्कूटीवर मागं बसवून बारामतीला घेऊन आले.

डॉक्टरबाईंनी तिला तपासलं. पिशवीबरोबर अंडाशयही काढलंय का, ते विचारलं. आक्काला माहीत नव्हतं, कुणी सांगितलंच नव्हतं. पिशवी कशासाठी काढली होती?

"अंगावरनं पांढरं जायचं. कॅन्सर हुईल म्हनले."

"पांढरं जाण्याला बहुतेक वेळा गोळ्या पुरतात," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि लिहू लागल्या. हाडांची तपासणी, रक्ताची तपासणी, औषध.

आक्का त्यांच्या पेनाकडं बघत होती. मग तिनं विचारलं, "मंग माजी का काडली?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. आक्कानं त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. उत्तर आमच्यापैकी एकीजवळ असणारच, अशी ती वाट बघत बसली होती.