दाराशी थांबलेलं गाणं

अश्फाकला कुणी विचारलं, तू काय करतोस, तर तो सांगतो, गाणी करतो. कुणाची, असं पुढं विचारलं की म्हणतो, माझीच. पलूसमध्ये या उत्तरानं कुणाचं समाधान होत नाही. बेंजो पार्टीत असता तर लोकांना कळलं असतं, भजनी मंडळात असता तरी कळलं असतं. शहरात त्याला स्वतंत्र संगीतकार म्हणतात. मी त्याला चिडवायचो, ज्याला लग्नाची सुपारी मिळत नाही तो स्वतंत्र. तो हसायचा. गेलं वर्षभर तो हसत नव्हता. त्याचं कारण या गावात फक्त मला माहीत होतं.

मला तो जोतिबाकाका म्हणतो. माझं स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानावर पत्र्याचा माळा आहे आणि लोखंडी शिडीनं वर जावं लागतं. तिथं अश्फाकचा कॉम्प्युटर, दोन माइक, एक पायपेटी आणि त्याच्या वडिलांचं क्लॅरिनेट असतं. वडील चांदसाहेब बँडमध्ये होते. वरातीत ते उलटे चालायचे, नवरदेवाकडं तोंड करून, आणि कधी ठेचकाळले नाहीत. पुढं डीजेच्या भिंती आल्या आणि बँड बसला. त्या भिंती दुरुस्त करून मी पोट भरलं. चांदसाहेबांनी मला ते कधी बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

एकदा पुण्याची एक मुलगी त्याची मुलाखत घ्यायला आली होती. तुझ्यावर कुणाकुणाचा प्रभाव, असं तिनं विचारलं. यानं तीन गोष्टी सांगितल्या. बापाचं क्लॅरिनेट, साखर कारखान्याचा भोंगा, आणि मिरजेत तंबोरे करणाऱ्यांकडं दोन वर्षं भोपळे घासताना दिवसभर कानावर पडलेली तारांची जुळवणी. मुलीला वाटलं, हा चेष्टा करतोय. चेष्टा करणं त्याला जमत नाही, हे मी तिला सांगायला हवं होतं.

त्याच्या वाजवायच्या जागाही अशाच. सांगलीच्या कॅफेत त्याचं मन लागत नाही, कारण तिथं लोक गाण्यापेक्षा स्वतःचे फोटो जास्त काढतात. मलकापुरात हायवेला लागून एक मंगल कार्यालय आहे. ट्रक गेला की त्याची फरशी हलते. ती थरथर तो माइक जमिनीला लावून गाण्यात धरतो. औंधला यमाईच्या डोंगराखाली वाजवायला मिळालं तर तो आठ दिवस आधीपासून गप्प असतो. तिथं माणसं मांडी घालून बसतात आणि शेवटपर्यंत उठत नाहीत. पण सगळ्यात आवडती जागा म्हणजे आमच्याकडचं बेदाण्याचं शेड. चारी बाजूंनी जाळी आणि आत ओळीनं द्राक्षं वाळत घातलेली. आवाज घुमत नाही, निघाला तिथंच विरतो.

त्या शेडात त्याला रंगूबाई भेटली.

रंगूबाई म्हणजे फौजेतून निवृत्त झालेल्या हवालदार नाथाजींची बायको. घरचा ऊस होता, नवऱ्याची पेन्शन होती, मुलगा धैर्यशीलही फौजेत. पण रिकामं बसवत नाही म्हणून ती उन्हाळ्यात बेदाणा निवडायला यायची. आपल्याकडं कुणाचं लक्ष नाही असं वाटलं की ती तोंडातल्या तोंडात गायची. तेही एकच गाणं, तिनंच रचलेलं.

कराडच्या फाट्यावरी, लाल यष्टी गं थांबली
उतरल्या शिपायाची, सावली गं लांबली
सये, माज्या दाराशी गं…

आणि इथं ती थांबायची. रोज इथंच. पुढचा शब्द नाही.

अश्फाकनं चार दिवस ऐकलं आणि पाचव्या दिवशी विचारलं, ‘मावशी, रेकॉर्ड करू?’ ती लाजली, नाही म्हणाली, आणि दुपारी आपणहून त्याच्यापुढं येऊन बसली. एकच अट घातली. ‘नाव कुठं घालू नगंस. घरात कळलं तर बरं दिसायचं न्हाई.’

त्याच श्रावणात ती गेली. अंगणात धुणं वाळत घालता घालता खाली बसली, ती उठलीच नाही.

दिवाळीला अश्फाकनं ते गाणं इंटरनेटवर सोडलं. खाली कारखान्याच्या भोंग्यासारखा एक लांब सूर, हलगीचा ठेका, आणि वर तिचा आवाज. शेवटची ओळ पुन्हा पुन्हा फिरणारी. नाव ठेवलं ‘दाराशी’. त्याची आधीची गाणी शंभर-दीडशे माणसं ऐकायची. हे मात्र हा हा म्हणता गावोगाव गेलं. हंगाम सुरू झाला आणि उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांनी ते उचललं. दोन-दोन ट्रॉल्या ऊस, पुढं ड्रायव्हरच्या डोक्यावर चार स्पीकर, आणि दिवसभर रस्त्यानं रंगूबाई. माज्या दाराशी गं. माज्या दाराशी गं. त्यातले निम्मे स्पीकर मीच बसवलेले होते. मेलेल्या बाईचा आवाज मोठा करून द्यायचं काम मी करत होतो.

अश्फाकचं त्याहून वाईट झालं. नवं काही सुचेना. कुठलाही ठेका धरला की चार मात्रांनंतर तिचा श्वास ऐकू येतो, म्हणायचा. रेकॉर्डिंगमध्ये ‘गं’ म्हटल्यावर ती एक श्वास घेते. तो त्यानं मुद्दाम ठेवला होता, ठेक्यात चपखल बसत होता म्हणून. आता तोच त्याच्या मानगुटीवर बसला. औंधला मिक्सरवर मी बसलो होतो. वाजवताना तो मध्येच माझ्याकडं वळला आणि हातानं खूण केली, बंद कर. मी तिच्या आवाजाचा चॅनेल आधीच बंद ठेवला होता. लोकांनी मागूनही त्यानं ते गाणं वाजवलं नव्हतं. तरी त्याची मान दर चार मात्रांनी स्पीकरकडं वळत होती. कार्यक्रमानंतर मी सगळ्या वायरी तपासल्या. वायरीत काही नव्हतं. माझ्या कानात काही होतं का, ते मी त्याला सांगितलं नाही.

हवालदार नाथाजी संध्याकाळी रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसायचे. पहिल्या हंगामात त्यांनीही ते गाणं ऐकलं, सगळ्या गावासारखंच. एकदा दुकानात रेडिओ घेऊन आले तेव्हा म्हणाले, ‘बाईचा गळा लय गोड हाय रं. पर बाई गाणं पुरं का करत न्हाई?’ मी सोल्डरिंगमधून मान वर काढली नाही. एकतीस वर्षं संसार केलेला माणूस बायकोचा आवाज ओळखत नव्हता, कारण कित्येक वर्षांत तिला गाताना त्यानं ऐकलंच नव्हतं. हे त्याला कोण सांगणार?

सून पूजानं सांगितलं. यंदा हंगाम सुरू झाला, तेव्हा एक दिवस तिच्यानं राहवलं नाही. ‘आवं मामंजी, ते आत्याबाई म्हणत्यात. शेडातल्या समद्या बायकांस्नी ठावं हाय.’

त्यानंतर ते मोरीवर बसेनात, रस्त्यात उभे राहू लागले. ट्रॅक्टर दिसला की मधोमध येऊन हात वर करायचे. ड्रायव्हरला वाटायचं, आरटीओ आला. त्यानं ब्रेक मारला की म्हणायचे, ‘पयल्यापासनं लाव.’ मागं ट्रॅक्टरांची रांग लागायची, पण त्यांना कुणी काही बोलायचं नाही. आवाज ‘दाराशी गं’पर्यंत आला की ते मान कलती करून थांबायचे, मग बाजूला व्हायचे आणि पुढच्या ट्रॅक्टरला हात करायचे. आठ दिवस हे चाललं.

नवव्या दिवशी ते दुपारी दुकानात आले आणि विचारलं, ‘चांदसाबचा पोरगा वर हाय व्हय?’ गुडघ्यानं अधू माणूस, पण उत्तराची वाट न बघता शिडी चढू लागला. मी मागून गेलो.

अश्फाक उठून उभा राहिला. नाथाजी पायपेटीच्या स्टुलावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. गाणं केलं, आवाज घेतला, न विचारता घेतला, असलं काही बोलले नाहीत.

‘पुढचं लाव,’ म्हणाले.

‘पुढचं न्हाई, आप्पा. तितंच मशीन बंद पडलं.’

मला माहीत होतं की हे खोटं आहे. पुढची दोन मिनिटं त्यानं मला एकदा ऐकवली होती, आणि ही कुणाला कळू द्यायची नाहीत असं आमचं ठरलं होतं. पुसून टाक, असं मी त्याला सांगितलं होतं. त्याच्यानं पुसवलं नाही.

‘मी फौजेत एकवीस वर्सं वायरलेसवर हुतो,’ नाथाजी म्हणाले. ‘मशीन बंद पडलं तर आवाज मधनंच तुटतो. हितं आवाज तुटत न्हाई. ती श्वास घेती. मानूस श्वास घेतो तो बोलायसाठी. काय बोलली ती?’

अश्फाकनं माझ्याकडं बघितलं. नको, असं मी मानेनं सांगितलं. या वयाला माणसाला असं काही ऐकवून काय मिळणार होतं? तो खुर्चीत बसला. मग म्हणाला, ‘जोतिबाकाका, माझ्यानं आता हे धरवत न्हाई.’ आणि कॉम्प्युटरकडं वळला.

माळ्यावर रंगूबाई आली. दोन ओळी झाल्या. सये, माज्या दाराशी गं. श्वास.

मग अश्फाकचा आवाज. ‘पुढं म्हणा की, मावशी.’

‘पुढं येत न्हाई, बाळा. हितंच आमचं मालक आलं दारात. सुट्टीवर आलं हुतं, टिरंक खाली ठेवली आनि म्हणालं, बंद कर ते. मग केलं बंद.’

‘परत कवाच न्हाई?’

‘त्यांला आवडत न्हाई मंजी न्हाई.’ घमेल्यात बेदाणे पडल्याचा आवाज. ‘त्यांच्यासाठनंच जोडलं हुतं, पर आता काय त्याचं. धैर्यशील पोटात हुता तवा. तवापासनं घरात न्हाई म्हटलं. हितं शेडात म्हणते, तर तोंड तितंच येऊन थांबतं बघ.’ मग ती हसली, आणि रेकॉर्डिंग संपलं.

मला खाली बघवेना आणि वरही बघवेना.  दोन्ही हातांनी नाथाजींनी टोपीची कड धरली होती.

‘जम्मूपासनं आलतो,’ ते म्हणाले. आमच्याकडं बघून नाही. ‘तीन दिस. बसायला जागा न्हवती, उभ्यानं आलतो. पुण्यात गाडी चुकली, मंग कराडवरनं यष्टी. डोळं उघडत न्हवतं माझं. मला झोप पायजे हुती.’ मग म्हणाले, ‘तेवढ्यापुरतं म्हटलं हुतं मी.’

अश्फाक रडत होता. मी त्याचा खांदा धरला. त्या घडीला मला कुणाचा राग यावा तेच कळेना. आता म्हणू का, असं तिनं एकदाही विचारलं नाही, आणि त्यांना एकदाही चुकल्याचुकल्यासारखं वाटलं नाही. घरात गाणं नाही, हे त्यांनी घराची रीत म्हणूनच धरलं असणार.

‘परत लाव,’ ते म्हणाले.

अश्फाकनं लावलं. ते स्टूल पुढं ओढून स्पीकरला लागून बसले. कराडच्या फाट्यावर यष्टी थांबली, शिपाई उतरला, सावली लांबली. सये, माज्या दाराशी गं. तिनं श्वास घेतला आणि अश्फाकनं तिथंच थांबवलं. नाथाजींनी स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवला, झोपलेल्या माणसाला हलवून उठवावं तसा.

‘माझी झोप झाली, रंगू,’ ते म्हणाले. ‘म्हण आता.’

खाली रस्त्यावर ट्रॅक्टर येत-जात होते. वर आम्ही तिघं पुढच्या ओळीची वाट बघत राहिलो.